जिथं दरड पडली नाही, तिथलीही नोंद घ्या

शिनोलीवरून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की डिंभे धरण येतं आणि त्याच्या पलीकडच्या डोंगरात माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तिथं डोंगर गावावर आला आणि १५१ माणसं गेली. २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. वरून केलेल्या यादीत आपली वाडी सुटू शकते. म्हणून शिनोली, घोडेगाव आणि डिंभे खोऱ्यातल्या शिक्षकांना, कॉलेजच्या मुलामुलींना कळकळीची विनंती आहे: आपल्या उतारांचा हिशेब आपणच मांडायला घ्या.

त्यासाठी लागणारी दोन्ही साधनं फुकट आहेत. नकाशासाठी क्यूजीआयएस, जे गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलं. आकडेमोडीसाठी आर ही संगणकभाषा, जी ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवली. साधा लॅपटॉप पुरतो. नकाशा दाखवतो की दरडी कुठं आहेत. पण त्या उतारामुळे पडल्या, तोडलेल्या झाडीमुळे, की नुसत्या योगायोगानं तिथं दिसतात, हे डोळ्यांना कळत नाही. त्याला मोजणी लागते आणि ती आर करते.

सुरुवात गावातून करा. मोबाइलवर क्यूफिल्ड हे ॲप घ्या आणि जुन्या जाणत्यांना सोबत घेऊन डोंगर फिरा. कुठं माती घसरली, कोणत्या साली, वर पडकई (उतार फोडून केलेली भातखाचरं) होती का, ओढा किती लांब, सगळं टिपा. आता सर्वांत महत्त्वाचं. जिथं काहीच झालं नाही, अशा जागाही तितक्याच निगुतीनं टिपा, आणि त्या सोयीच्या निवडू नका. क्यूजीआयएसला नकाशावर यादृच्छिक बिंदू टाकायला सांगा आणि तिथं जा. नाहीतर तुमच्याकडे फक्त रस्त्याकडेच्या दरडी जमतील आणि रस्ता हेच दरडीचं कारण आहे, असा निष्कर्ष निघेल. माळीणनंतर पडकईवर बोट ठेवलं गेलं, कुणी पावसाला दोष दिला. पडकई असूनही शाबूत राहिलेले उतार मोजल्याशिवाय हा वाद सुटणार नाही.

मग उंचीचा डेटा इस्रोच्या भुवनवरून घ्या आणि क्यूजीआयएसमध्ये त्यातून उतार काढा. त्याआधी सगळे थर यूटीएम झोन ४३ उत्तर या प्रक्षेपात आणा. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत ठेवले तर उतार चुकीचा येतो. नोंदी जिओपॅकेजमध्ये साठवल्या की आरमधलं एसएफ पॅकेज त्या थेट वाचतं, टेरा हे दुसरं पॅकेज प्रत्येक बिंदूखालचा उतार उचलतं आणि लॉजिस्टिक रिग्रेशन सांगतं की कोणत्या गोष्टीनं धोका किती वाढतो. निकाल रास्टर म्हणून लिहा आणि पुन्हा क्यूजीआयएसमध्ये उघडा. सवय झाली की आरची स्क्रिप्ट क्यूजीआयएसच्या आतूनच चालवता येते. त्यासाठी वेगळं प्लगइन आहे. स्क्रिप्ट जपून ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर नव्या नोंदी टाकून तोच हिशेब पुन्हा करता येईल.

दोन ठिकाणी फसगत होते. उंचीच्या डेटाचा एक चौकोन ३० मीटरचा असेल, तर त्यात सुमारे नऊ गुंठे जमीन येते. घर, बांध आणि मागचा कडा, तिघांना एकच आकडा मिळतो. अशा नकाशावरून एखाद्याचं घर सुरक्षित ठरवू नका. दुसरं म्हणजे, शेजारचे बिंदू एकसारखेच असतात. त्यामुळे मॉडेल तपासताना मधले काही बिंदू काढू नका, एक अख्खं खोरं बाजूला ठेवा. त्या न पाहिलेल्या खोऱ्यात अंदाज चुकला, तर नकाशा अजून ग्रामसभेत मांडायच्या लायकीचा झालेला नाही.

जमलं, तर नकाशा, नोंदी आणि स्क्रिप्ट, तिन्ही ग्रामसभेत ठेवा आणि एक प्रत घोडेगावच्या तहसील कार्यालयात द्या. भूवैज्ञानिकांची पाहणी मागा. तुमच्या नोंदी त्यांना कामी येतील. मात्र पावसात घरामागे नवी भेग दिसली, झाडं कलली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर कोणताही नकाशा उघडत बसू नका. म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन आधी घर सोडा, मग तहसीलला फोन करा.