साथींतील शिधा

गेल्या महिन्यांत रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर आमच्या घरीं एक वाद निघाला. आमचे वडील बंधु म्हणाले, "फुकट धान्य वाटून सरकारनें लोकांस आळशी करून ठेविलें!" त्यावर मातुःश्री इतकेंच म्हणाल्या, "अरे, त्या वर्षीं कामाला जाऊं नका असें सांगणारेंहि सरकारच होतें ना?" हा प्रश्न वाचकांनींहि आपल्या मनाशीं विचारून पाहण्यासारखा आहे.

दुष्काळ निवारण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांतीं त्याचे नियम झाले. धडधाकट माणसाला खडी फोडण्याचें किंवा तळें खणण्याचें काम द्यावयाचें आणि त्या मजुरीवर त्यानें पोट भरावयाचें, हें त्यांचें मुख्य सूत्र. साथीची गोष्ट निराळी. तेथें चार माणसें एकत्र जमणें हेंच संकट. नवें काम देणें दूरच, असलेलें कामहि बंद करावें लागतें. प्लेगच्या वेळीं, 1897 सालीं, झालेला साथरोगांचा कायदा 2020 सालींहि उपयोगांत आणला गेला. त्यांत माणसांस अडविण्याचे व तपासण्याचे अधिकार आहेत. अडविलेल्या माणसानें खावें काय, याविषयीं मात्र एक अक्षरहि नाहीं.

ही उणीव 2020 सालीं खजिन्यांतून भरून काढावी लागली. 26 मार्च रोजीं केंद्र सरकारनें सुमारें 80 कोटि लोकांस नेहमीच्या शिध्याशिवाय दरमहा माणशीं 5 किलो तांदूळ अथवा गहूं, आणि कुटुंबामागें 1 किलो डाळ, विनामूल्य देण्याचें जाहीर केलें. महाराष्ट्रांत त्याच वर्षीं 26 जानेवारीस सुरू झालेल्या शिवभोजन थाळीची किंमत 10 रुपयांवरून 5 रुपयांवर आली. सरकारी कोठारें आधींच भरलेलीं होतीं, म्हणूनच हें साधलें.

परंतु शिधा मिळतो तो शिधापत्रकावर. आमच्याकडे धुणें-भांडीं करणाऱ्या बाई राहतात पुण्यांत, आणि त्यांचें पत्रक होतें मराठवाड्यांतील गांवीं. अशा स्थलांतरित मजुरांस पत्रकावांचूनहि दोन महिने धान्य देण्याची घोषणा 14 मे रोजीं, म्हणजे टाळेबंदीच्या आठव्या आठवड्यांत, झाली. कोणत्याहि गांवचें पत्रक देशांत कोठेंहि चालावें, ही व्यवस्था सर्व राज्यांनीं 31 जुलै 2021 पर्यंत अमलांत आणावी, असें शेवटीं सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें.

मधल्या काळांत त्या बाईंची चूल कशी पेटली असेल? आम्हीं पहिल्या महिन्याचा पगार दिला. दुसऱ्या महिन्यांत 'काम नाहीं तर पगार कशाचा?' असें म्हणून दिला नाहीं. हा निर्णय बंधूंचा नव्हता, आमचा होता. लिहितांना लाज वाटते.

आमच्यासारख्या सुशिक्षित घरची दया जर एकच महिना टिकते, तर साथीच्या दिवसांतील अन्न दयेवर सोंपवून भागणार नाहीं. ज्यानें काम बंद करविलें त्यानेंच शिधा पुरवावा. तें दान नव्हे, भरपाई आहे. आपल्या हातीं आहे तें एवढेंच: घरीं कामाला येणाऱ्यांचें पत्रक येथील दुकानांत चालतें ना, घरांतील सर्वांचीं नांवें त्यांत आहेत ना, हें साथ नसतांनाच विचारावें, आणि ती आलीच तर पगार थांबवूं नये.

मातुःश्रींच्या प्रश्नाला बंधूंनीं त्या रात्रीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र त्यांनीं बाईंना पत्रक घेऊन यावयास सांगितलें.