सावेडीकरांनो, पोरांना विचारलंत का?

(पालक, शाळांचे संस्थाचालक, सोसायट्यांच्या कमिट्या आणि महापालिकेचे लोकप्रतिनिधी यांच्यासाठी जाहीर पत्रक)



आपल्या कॉलनीतला ओपन स्पेस एकदा नीट बघा. लेआउट मंजूर होताना साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ही. बहुतेक ठिकाणी चित्र एकच दिसेल. एका कोपऱ्यात मंदिर, त्यापुढे सभामंडप, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक, ज्येष्ठांसाठी बाकडी, ओपन जिमची रंगीत यंत्रे आणि फाटकावर पाटी: ‘येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे’. आमचा मंदिराला विरोध नाही. बाकड्यांना तर नाहीच, आमच्यातले काही जण संध्याकाळी तिथेच बसलेले असतात. पण हे सगळे ज्या बैठकीत ठरले तिला कोण हजर होते ते आठवा. त्या जागेची ज्यांना रोज गरज, त्यांना निरोपसुद्धा गेला नव्हता. पुढे तेच पोर घरात मोबाइल घेऊन बसले की आपण कपाळाला हात लावतो आणि ‘हल्लीची पिढी’ या विषयावर तासभर बोलतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: मुलांवर परिणाम करणारा निर्णय घेण्याआधी त्यांना विचारा. सांगतील ते लिहून घ्या. मानणार नसाल तर का नाही, ते त्यांच्या तोंडावर सांगा.

यावर पहिले उत्तर ठरलेले आहे: ‘त्यांना काय कळतं?’

काय कळते ते ऐका. शाळेच्या माहितीपत्रकात मुलींच्या शौचालयापुढे ‘आहे’ अशी खूण असते. तपासणीला आलेले साहेबही ‘आहे’ लिहून जातात. दाराला आतून कडी नाही, म्हणून एकीने आत जायचे आणि दुसरीने बाहेरून दार धरून उभे राहायचे, हे फक्त मुलींना ठाऊक असते. शाळेत शौचालयाला जावे लागू नये म्हणून डब्याबरोबर दिलेली पाण्याची बाटली घरी भरलेलीच परत येते. आई रागावते, मुलगी गप्प बसते. कोणत्याही अहवालात न सापडणारी ही माहिती सातवीतली मुलगी दोन मिनिटांत देते. तिला कुणी विचारले तर!

दुसरे उदाहरण शाळेच्या रिक्षाचे. पाइपलाइन रोडला सकाळी उभे राहून पाहा. ड्रायव्हरच्या शेजारी एक, फळीवर तीन-चार, दप्तरे बाहेर लटकलेली. मनमाड रोड ओलांडताना रिक्षा कुठे अंगावर येते, कोणता रिक्षावाला फोनवर बोलत चालवतो, हे पोरांना पाठ असते. 2011 सालच्या राज्याच्या स्कूलबस नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. तिच्यात मुख्याध्यापक, पालक प्रतिनिधी, पोलीस, आरटीओ, शिक्षण खाते, झाडून सगळे आहेत. फळीवर बसणारा तेवढा नाही.

हे काही आम्ही नव्याने मागत नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 सालचा. भारताने तो 11 डिसेंबर 1992 रोजी स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमात मुलाचे मत ऐकण्याचे आणि त्याच्या वयाप्रमाणे, समजेप्रमाणे त्याला वजन देण्याचे बंधन आहे. 2015 च्या बालन्याय कायद्याने हेच तत्त्व घेतले. इतकेच कशाला, इंग्रजांच्या अमदानीतला 1890 चा पालक व पाल्य कायदा घ्या. मुलाचा ताबा कुणाकडे द्यायचा हे ठरवताना, मुलाला समज आली असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकते, असे त्यात आहे. म्हणजे आई-बाप कोर्टात भांडले तर मुलाला विचारायची सोय 1890 पासून आहे. आई-बाप सुखाने नांदत असतील तर मात्र दहावीनंतर सायन्स की कॉमर्स, लातूर की कोटा, हे परस्पर ठरते!

शिक्षणहक्क कायद्यातली गंमतही पाहण्यासारखी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक. उरलेल्या जागांपैकी काहींसाठी केंद्राच्या नमुना नियमांनी लिहिले: ‘स्थानिक शिक्षणतज्ज्ञ’, मग एक तिरकी रेघ, मग ‘शाळेतील मुले’. त्या रेघेमुळे तज्ज्ञ आणि मूल एकाच जागेचे उमेदवार झाले. अशा लढतीत कोण जिंकते ते सांगायला नको. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समितीच बंधनकारक नाही, आणि सावेडीतली किती मुले अशा शाळांत जातात ते आपण जाणता.

त्याऐवजी मुलांना मिळते विद्यार्थी मंत्रिमंडळ. शपथविधी, बिल्ले, फोटो. आरोग्यमंत्र्याचे काम काय, तर सोमवारी वर्गातल्यांची नखे तपासायची. शौचालयाच्या कडीबद्दल बोलायचे त्याच्या खात्यात येत नाही.

मोठ्यांनी बोलल्याशिवाय मुलांचे म्हणणे खरे ठरत नाही, याचा नमुना अगदी अलीकडचा आहे. डिसेंबर 2023 मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस म्हणाले की सकाळच्या शाळांमुळे मुलांची झोप पुरी होत नाही. लगेच चक्रे फिरली आणि 8 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. निर्णय चांगलाच. पण तीच गोष्ट घरोघरची मुले रोज सकाळी सहा वाजता पांघरूण डोक्यावर ओढून सांगत होती. त्याला आपण आळस म्हणत होतो. निर्णय आल्यावर कुरकुर केली ती शाळांनी आणि बसवाल्यांनी.

आता विनोद बाजूला ठेवू. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले. त्या चिमुरड्यांनी आपल्या शब्दांत घरी सांगितले. घरच्यांनी विश्वास ठेवला. त्यानंतर मोठ्यांच्या यंत्रणेने त्याच पालकांना तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवले. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे राज्यभर तक्रारपेट्यांची आठवण झाली. आपल्या मुलाच्या शाळेतली पेटी कुठे आहे ते एकदा जाऊन पाहा. ती मुख्याध्यापकांच्या दालनाच्या दारात, शिपायाच्या नजरेसमोर असेल, तर तिच्यात चिठ्ठी टाकायची हिंमत कोणते मूल करील? किल्ली कुणाकडे असते तेही विचारा.

आपल्या नगरच्या मातीला मुलांचे ऐकणे परके नाही. ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली, 1290 साली. सांगणारा रूढ हिशेबाने पंधरा वर्षांचा. आज त्याला आपण म्हटले असते, ‘आधी दहावी होऊ दे.’ 1842 साली आपल्या नगर शहरात ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. त्याच ‘ज्ञानोदय’ने 1855 मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध दोन अंकांत छापला. मांग समाजातली ही मुलगी पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. मांग-महारांच्या वाट्याला आलेले दुःख तिने लिहिले आणि आमचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न एकेकाळच्या पेशवाईच्या पुण्यात बसून विचारला. संपादकांनी ‘मोठी झालीस की लिही’ असे कळवले नाही.

कुणी म्हणेल, ही असामान्य माणसे. खरे आहे. पण रिक्षाची फळी आणि दाराची कडी कळायला ज्ञानेश्वर व्हावे लागत नाही. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा आकडा घ्या. 1996 साली मुंबईत ही सेवा सुरू झाली तेव्हा ‘दस-नौ-आठ’ हा उतरता क्रम रस्त्यावर राहणाऱ्या एका मुलाच्या डोक्यातून निघाला, असे सांगतात. सावेडीतही सगळीच मुले बंगल्यांत राहत नाहीत. नव्या इमारतींच्या बांधकामावर पत्र्याच्या खोल्यांत राहणारी आहेत, आईबरोबर धुण्याभांड्याला येणारी आहेत. विचारणार असाल तर त्यांनाही विचारा. पाणी कुठून आणावे लागते आणि वाटेत कुठे भीती वाटते, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत?

‘विचारलं तर मोबाइलच मागतील,’ हा दुसरा आक्षेप. मागतील. मग नाही म्हणा आणि कारण सांगा. ऐकणे म्हणजे मान तुकवणे नव्हे, हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आपण एकमेकांना दरवर्षी दाखवतोच की!

तेव्हा आमच्या मागण्या. महापालिकेत महिला व बालकल्याण समिती असते. अंदाजपत्रक मांडण्याआधी तिने प्रत्येक प्रभागातल्या एका शाळेत एक दिवस बसावे. हारतुरे, माइक आणि स्वागतगीत नको. समोर फक्त मुले आणि लिहून घेणारा एक कारकून. त्यांतले काय अंदाजपत्रकात घेतले आणि काय नाही, ते महिन्याभरात त्याच शाळेच्या फलकावर लावावे. शेजारच्या कर्नाटकात गावोगावी मुलांच्या ग्रामसभा घ्यायला सरकारच सांगते. आपल्याला एक प्रभाग जड का व्हावा? शाळांनी परिवहन समितीच्या प्रत्येक बैठकीला रिक्षा-बसने येणाऱ्या दोन मुलांना बोलवावे आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे. खासगी शाळांना कायद्याची सक्ती नसली तरी मनाईही नाही. कॉलनीच्या कमिट्यांनी ओपन स्पेसमध्ये पुढचा एकही ब्लॉक बसवण्याआधी तिथे खेळणाऱ्यांची बैठक घ्यावी. खेळायची वेळ, मैदानाची हद्द, काच फुटली तर भरपाई, सगळे त्यांच्याशी ठरवावे. ती पाटी तोवर उतरवून ठेवावी.

या पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. ती आपल्या मुलांसाठी आहे. त्यांनी शाळा, रस्ता, मैदान, क्लास यांबद्दल जे लिहायचे ते लिहावे. नाव घालायची गरज नाही. आपण शुद्धलेखन तपासू नये आणि काय लिहिले म्हणून मागेही लागू नये. जमा झालेली सगळी पत्रके आम्ही महापालिकेच्या आवक विभागात देऊन पोच घेणार आहोत, आणि शाळांबद्दलची त्या त्या शाळेत.

— सावेडीतील काही पालक आणि आजी-आजोबा