दुखणं पोटात, चौकशी शंटची

"शंट डोक्यात, दुखतंय पोट. याचा त्याच्याशी काय संबंध?" माझ्या भाचीच्या पोटदुखीवर हा प्रश्न आम्ही तीन आठवडे ऐकला. आजीने ओवा दिला, एका डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी जंताचं औषध. चौथ्या आठवड्यात डोकं दुखू लागलं, उलट्या झाल्या, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. पोटात शंटच्या नळीच्या टोकाभोवती पाण्याची मोठी पिशवी धरली होती.

मुळात तो प्रश्नच चुकीचा. मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं. त्याची वाट अडली की ते वाहून नेणारी नळी, म्हणजे शंट, बसवतात. पण डोक्यात असतं ते त्याचं एक टोक. नळी कानामागून, मानेतून, छातीवरून कातडीखालून खाली येते आणि पोटाच्या पोकळीत सोडलेली असते. मूल वाढेल म्हणून तिथे तिची चांगली लांब गुंडाळी ठेवतात. पोटातलं आवरण ते पाणी शोषून घेतं. जंतुसंसर्गाने किंवा सुजेने शोषणं थांबलं की पाणी साचतं, त्याभोवती पिशवी धरते. क्वचित नळी आतड्यालाही भोक पाडते. खालचं तोंड तुंबलं की वर दाब वाढणारच. 'आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी' म्हणून आम्हाला हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, की इथे दोन्ही देवळं एकाच नळीवर आहेत.

दुसरा युक्तिवाद असा, की शंट इतकी वर्षं उत्तम चालला, आता कसा बिघडेल? अहो, ते यंत्र आहे. १९५६ साली फिलाडेल्फियात जॉन होल्टर या यंत्रकारागिराने आपल्या आजारी मुलासाठी शंटचा व्हॉल्व्ह घडवला, तेव्हापासून साहित्य कितीतरी सुधारलं. तरी मुलांना बसवलेल्या शंटपैकी साधारण निम्मे पहिल्या २ वर्षांतच बिघडतात. उरलेल्यांनाही जन्मभराची हमी कुणी दिलेली नाही.

तिसऱ्या आक्षेपात मात्र दम आहे. दर पोटदुखीला सीटी स्कॅन करायचा का? मुलांना किरणोत्सर्ग किती द्यायचा, खर्च किती सोसायचा? बरोबर आहे. बहुतेक पोटदुखी शंटची नसतेच. पण पोटाच्या सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो आणि ही पिशवी तिच्यात सहसा दिसते. आणि बद्धकोष्ठाचं निदान झालं म्हणून शंट सुटला, असंही नाही. कोठा जड झाला की पोटातला दाब वाढून शंटचा निचरा मंदावल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे आजीचा ओवा अगदीच अडाणी नव्हता. मात्र ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये, आणि शंटमधल्या पाण्याचा नमुना घेण्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नये. त्याने जंतू दबतात, मरत नाहीत, आणि तपासणीत सापडतही नाहीत.

"थोडं सहन करायला शीक," असंही तिला सांगितलं गेलं. सहनशक्तीचं हे कौतुक मला सर्वांत जास्त खटकतं. शंट असलेल्या मुलीने पोट दुखतं म्हटलं, तर 'शंटचं नाही' हे सिद्ध करायची जबाबदारी ऐकणाऱ्याची, तिची नव्हे.

भाचीच्या नळीचं खालचं टोक बाहेर काढलं, पाण्यात जंतू सापडले, इंजेक्शनं झाली, मग नवा शंट बसला. तिच्या फाइलीत जुना स्कॅन जपून ठेवलाय. पहिल्या पानावर तिने स्वतः लाल शाईने लिहिलंय: पोट दुखलं तरी आधी न्यूरोसर्जनना फोन.