भरलेल्या बाटल्या



मागच्या डिसेंबरात आठवी-नववीच्या तीस मुलींना घेऊन आम्ही तिघी शिक्षिका अजिंठ्याचा डोंगर पायी उतरलो. फज्रनंतर भोकरदनहून एस.टी. निघाली. अजिंठा गावी उतरायचे, पठारावरून व्ह्यू पॉइंट गाठायचा, तिथून वाघूर नदीच्या दरीत उतरून लेणी पाहायची आणि संध्याकाळी फर्दापूरला पुन्हा बसमध्ये बसायचे, असा बेत होता.

चालता चालता धडाही झाला. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आपल्या जालना जिल्ह्यातली. तिथे हरलेली शिंद्यांची फौज अजिंठ्याच्या घाटानेच खाली उतरली होती. कड्यावर उभे राहून आम्ही मुलींना नद्या समजावल्या. या डोंगररांगेच्या आपल्या बाजूचा पाऊस केळणा-पूर्णेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातो. वाघूरचे पाणी मात्र तापीतून अरबी समुद्राला मिळते.

"टीचर, म्हणजे एकाच ढगाचं पाणी दोन समुद्रांत?" एकीने विचारले. आम्ही खूश झालो.

ती खुशी अर्धा तासही टिकली नाही. दरीत उतरताना नववीतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. तिच्या दप्तरातली बाटली काढली, तर ती घरून आणली तशीच गच्च भरलेली! इतरांच्या पाहिल्या, त्याही बहुतेक तशाच. मुलगी खालमानेने म्हणाली, "टीचर, वाटेत जायला जागा कुठंय? अम्मीनं सांगितलंय, घरी येईपर्यंत पाणी कमीच पी."

डबे, बूट, पालकांच्या सह्या, सगळे आम्ही तपासले होते. हे मात्र विचारलेच नव्हते. खरे सांगायचे तर त्याच कारणाने आम्हीही सकाळपासून घोटभरच पाणी प्यायलो होतो.

मग झुडपाआड दोन चादरी धरून आडोसा केला. मुलीला सावलीत बसवून साखर-मिठाचे पाणी घोट घोट पाजले. इतर मुलीही न लाजता पाणी प्यायल्या. तासाभराने ती उठून चालू लागली. लेण्यांजवळ स्वच्छतागृह होते. तिथे वुजू करून आम्ही जोहरची नमाज अदा केली. फर्दापूरला पोहोचेपर्यंत बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या.

सोमवारी सहज वर्गात पाहिले. शाळा सुटायच्या वेळीही निम्म्या बाटल्या भरलेल्याच. म्हणजे ही गोष्ट एका सहलीपुरती नव्हती. पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे यातून डोकेदुखी, जळजळ, संसर्ग मागे लागतो, आणि मुली लाजेने सांगत नाहीत. आता मधल्या सुट्टीत आम्ही स्वतः स्वच्छतागृह पाहतो. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, एवढेच. सहलीच्या सामानात दोन चादरी कायमच्या आल्या आहेत.

भगिनींनो, आज मुलगी शाळेतून आली की तिची बाटली हातात घेऊन पाहा. भरलेली असेल तर रागावू नका, कारण विचारा.