दिव्याच्या उजेडावर वीज पिकेल काय?



आपल्या बेटावर छपरांवर सौर पॅनेल बसविण्याची चर्चा घरोघरी चालू आहे. परवा वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, रात्री पॅनेलवर दिवा लावला आणि तो दिवा त्याच पॅनेलच्या विजेवर चालविला, तर बिल येणारच नाही ना?" वर्ग हसला. मी हसलो नाही. कारण जर्मनीत शास्त्रज्ञ खरोखरच दिव्यांचा सूर्य पेटवितात.

कोलोनजवळ युलिख येथे मार्च २०१७ मध्ये १४९ झेनॉन दिव्यांचा 'कृत्रिम सूर्य' सुरू झाला. त्याचा प्रकाश एका जागी एकवटला की सुमारे ३००० अंश उष्णता मिळते. पण चार तासांत तो चौघांच्या कुटुंबाची वर्षभराची वीज खातो! तो वीज कमावण्यासाठी नाहीच. सूर्याच्या उष्णतेने पाण्यापासून हायड्रोजन काढण्याचे प्रयोग ढगांमुळे अडू नयेत, हा त्याचा मुख्य हेतू.

दुसरे उदाहरण फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेचे. २०२१ मध्ये तेथील सेलने लेसर प्रकाशाचा ६८.९ टक्के भाग विजेत बदलला. घरच्या पॅनेलला उन्हातून सुमारे २० टक्केच जमतात. असे का? उन्हात सर्व रंग असतात. काही किरणे सेलला अपुरी पडतात, काहींची जादा शक्ती उष्णता होऊन जाते. लेसर एकाच रंगाचा, सेलला मानवेल असा निवडलेला.

आता हिशेब मांडू. दिव्याला १०० युनिट वीज दिली. चांगला एलईडी दिवा त्यातील साधारण ४० युनिटांचाच प्रकाश करतो. पॅनेलने त्याचा पाव भाग परत दिला, तरी हाती १०. लेसरने निम्म्या विजेचा प्रकाश केला आणि फ्रायबुर्गचा सेल लावला, तरी ३५ च्या आतच. विमानाच्या इंधनटाकीसारख्या ठिकाणी, जेथे विजेची तार धोक्याची, तेथे हा तोटा परवडतो. घरी नव्हे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

आपली बरीचशी वीज जहाजाने आलेल्या तेल-कोळशावर होते. म्हणून उन्हाची वीज उन्हातच वापरावी. कपडे धुणे, पाणी चढविणे दुपारी उरकावे. रात्रीसाठी बॅटरी आहे. चांगली बॅटरी साठविलेल्यापैकी सुमारे नऊ दशांश परत देते. आणि कोणी विक्रेता "आमचे पॅनेल रात्री घरच्या दिव्यांवरही चालते" म्हणाला, तर पैसे मोजण्यापूर्वी त्याला हाच हिशेब कागदावर मांडायला सांगावे.

त्या विद्यार्थ्याने तो दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडला. उत्तर बरोबर आले.