चालकाला गारवा, गिअरबॉक्सला ताप

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन यंत्रणा बसविणे केंद्र सरकारने बंधनकारक केले आहे. साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाची मालवाहू वाहने या नियमाच्या कक्षेत येतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये या निर्णयाची घोषणा केली होती. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा दुपारी इंजिनालगतच्या लोखंडी कक्षात आठ-दहा तास बसणाऱ्या माणसाची दखल कायद्याने घेतली, हे उशिरा का होईना योग्यच झाले.

मात्र कक्षातून बाहेर काढलेली उष्णता नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे जाते. वातानुकूलन यंत्रणेचा कंडेन्सर बहुतेक गाड्यांत दर्शनी जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे असतो. त्याच्यातून तापून निघालेली हवाच मागच्या रेडिएटरला मिळते. ज्या गाडीचा गिअरबॉक्स स्वयंचलित आहे, तिच्यात गिअरबॉक्सचे तेलही बहुधा याच हवेवर किंवा याच रेडिएटरच्या पाण्यावर थंड होते. भारत स्टेज-६ इंजिनांतील धूर-पुनर्वापर यंत्रणेच्या उष्णतेचा काही भाग त्या पाण्यावर पडतो, तो वेगळाच. एका जाळीवर इतक्यांचा भार आहे, आणि या भाराची खरी परीक्षा राजधानी परिसरातील रस्त्यांवर होते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्याकडील बहुसंख्य ट्रक आजही हाताने गिअर बदलण्याचे आहेत. लांब पल्ल्याच्या नव्या ट्रकमध्ये ‘एएमटी’ दिसू लागले आहे. त्यात गिअर व क्लच यंत्र हाताळते, पण रचना जुन्याच गिअरबॉक्सची असते. मुंगीच्या पावलांनी सरकताना त्याचा क्लच घसरून तापतो. संपूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स आपल्याकडे प्रामुख्याने शहरी बस, अग्निशमन बंब, विमानतळावरील वाहने आणि खाणीतील डंपर यांत आढळतो. त्यात क्लचच्या जागी ‘टॉर्क कन्व्हर्टर’ असतो. इंजिन तेल फिरवते आणि ते तेल गिअरबॉक्सला फिरवते. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या सुमारास दिल्ली परिवहन महामंडळाने घेतलेल्या कमी उंचीच्या बस याच जातीच्या होत्या. थांबत-थांबत चालणाऱ्या अवजड गाडीत हे तेल कसे तापते, याचा अनुभव दिल्लीच्या आगारांना तेव्हापासून आहे. ट्रकच्या दुनियेला तो अद्याप पुरेसा नाही.

उष्णता किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. इंजिन १०० किलोवॉट शक्ती देत असेल आणि त्या क्षणी कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर २० किलोवॉट तेलात जातात. घरगुती वापराचे दोन किलोवॉटचे दहा गीझर एकाच वेळी चालू केल्यासारखे हे आहे. गाडीने वेग घेतला की कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच बसतो, घसरण थांबते आणि तेल निवते. तेलाचे तापमान ८० ते ९५ अंशांच्या आसपास राहिले तर चिंता नसते. ते १२० अंशांपुढे वारंवार गेले की तेल करपू लागते, रबरी सील कडक होतात, क्लचच्या चकत्या जळतात. मग दुरुस्तीचा खर्च लहान मालकाला कित्येक महिने मागे नेतो.

म्हणूनच पूर्व परिघीय द्रुतगती मार्गावर धावणारा ट्रक सुखात असतो आणि सिंघू, टिकरी, गाजीपूर वा बदरपूर सीमेवर तोच संकटात येतो. दिवसा ठरावीक वेळांत अवजड वाहनांना दिल्लीत प्रवेशबंदी असल्यामुळे वाहने सीमेवर साठतात आणि बंदी उठताच एकदम निघतात. २०१५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू झालेले पर्यावरण भरपाई शुल्कही प्रवेशाच्या वेळीच द्यावे लागते. भरलेला ट्रक दहा मीटर सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. वारा नसतो, शेजारच्या गाडीची गरम हवा अंगावर येते, डांबर रात्रीपर्यंत निवत नाही. त्यात धूळ. एप्रिल-मे महिन्यांत तर दिल्लीच्या सावरीचा कापूस उडून रेडिएटरच्या पापुद्र्यांत गादी भरावी तसा बसतो.

अशा वेळी काटा लाल पट्ट्याकडे सरकला की सर्वांत सोपा उपाय म्हणजे वातानुकूलन बंद करणे. यांत्रिकदृष्ट्या तो चूक नाही. परंतु गाडी जपण्यासाठी हा आदेश रोजचाच झाला, तर कायद्याने दिलेला गारवा नेमका अत्यंत गरजेच्या तासाला हिरावला जाईल. आदेश न मानणाऱ्या चालकाच्या माथी गिअरबॉक्सचा खर्च मारला जाण्याचा संभवही नाकारता येत नाही.

वास्तविक, बरेचसे नुकसान टाळता येण्याजोगे आहे. गिअरबॉक्स तापल्याची सूचना मिळताच चालक सवयीने इंजिन बंद करतो. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बाबतीत ही सवय घातक आहे, कारण तेलाचा पंप आणि पंखा दोन्ही थांबतात. इंजिनाचे पाणी उकळत नसेल तर गाडी सुरक्षित जागी उभी करावी, न्यूट्रलमध्ये आणावी आणि इंजिन मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर काही वेळ फिरू द्यावे. तेल आपोआप निवते. रांगेत दीर्घकाळ थांबतानाही ब्रेक दाबून गिअरमध्ये राहण्यापेक्षा न्यूट्रल बरे. तेलाची पातळी कमी असणे जितके वाईट, तितकीच ती जास्त असणेही, कारण जादा तेलाला फेस येतो आणि फेस उष्णता वाहून नेत नाही. जाळी धुताना पाण्याचा जोरदार फवारा समोरून मारला, तर पापुद्रे वाकतात आणि घाण आणखी आत जाते. इंजिनाच्या बाजूने, बेताच्या दाबाने धुणे हिताचे. संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरातील मिस्त्री आवाजावरून गिअरचा दोष सांगतात असे म्हणतात, पण तेलाच्या तापमानाला आवाज नसतो.

नियमाची चौकट मात्र अपुरी आहे. चालककक्षातील यंत्रणेच्या चाचणीसाठी आयएस १४६१८ हे मानक ठरले आहे, ते कक्षातील गारव्यासाठी. कंडेन्सर पूर्ण भारावर असताना, ४५ अंशांच्या हवेत, ताशी पाच किलोमीटर वेगाने सरकणाऱ्या भरलेल्या गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाचे वा क्लचचे तापमान किती चढते, हे खरेदीदाराला सांगण्याचे बंधनही असावयास हवे. राजधानीत नव्या गाड्यांचा ओघ वाढणार हे उघड आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या भारत स्टेज-३ व त्याखालील व्यापारी मालवाहनांना तेथे प्रवेश नाही, आणि स्टेज-४ च्या गाड्यांना मुभा आहे ती ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. जुना ट्रक विकून हप्त्यावर नवा घेणाऱ्या मालकाला विक्रेत्याकडून मायलेज आणि हमीचा कालावधी कळतो. तेल कधी बदलावे, तापमानाची सूचना दुर्लक्षिली तर हमी टिकते की नाही, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न दिल्लीपुरता नाही. लासलगावचा कांदा आणि नारायणगावचा टोमॅटो आझादपूर मंडीत पोहोचतो तो याच रांगांतून. हजार-बाराशे किलोमीटर धावून आलेली गाडी मंडीपासून पंधरा किलोमीटरवर तापून बसली, तर कांदा कदाचित दोन दिवस कळ काढील. टोमॅटो काढणार नाही.