सही कोणाची?

दर्शनी असो वा मुदती, हुंडी पेढीवर आली की लिहून देणारा कोण, मिती कोणती आणि सही ओळखीची आहे काय, हे पाहिल्यावाचून आपल्या वाडवडिलांनी तिजोरी उघडली नाही. बँकेत धनादेशाची तपासणीही अशीच होते. मोबाइलवर आलेला औषधोपचाराचा संदेश मात्र या कसोटीतून सुटतो. त्याला लेखक नसतो, तारीख नसते. तरी त्यातील काढा सायंकाळपर्यंत घरात उकळू लागतो.

नोव्हेंबर २०२४ मधील एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकारांना सांगितले की, पत्नीच्या चौथ्या टप्प्यातील कर्करोगावर त्यांनी आहारनियमांच्या बळावर मात केली. साखर व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य. हळद, कडुनिंब, लिंबूपाणी यांचे सेवन. ती चित्रफीत देशभर फिरली. काही दिवसांतच मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी स्वाक्षऱ्यांसह निवेदन प्रसिद्ध केले. अशा काही पदार्थांवर संशोधन चालू असले, तरी कर्करोगावरील औषध म्हणून त्यांची शिफारस करण्याजोगा पुरावा आज नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. रुग्णालयाचे संचालक डॉ. सी. एस. प्रमेश यांनी निदर्शनास आणले की, त्या भगिनींवर शस्त्रक्रिया व केमोथेरपीही झाली होती. पुढे सिद्धू यांनीही हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने व उपचारांना पूरक म्हणून घेतल्याचा खुलासा केला.

आपल्या भाषेत सांगायचे तर रक्कम जमा झाली खरी, पण खतावणी भलत्याच खात्यात झाली. अशा चुकीची किंमत वेळेत मोजावी लागते. लवकर निदान झालेला कर्करोग पुष्कळदा पूर्ण बरा होतो. काढ्याच्या भरवशावर गेलेले चार महिने परत मिळत नाहीत. वाशीम, कारंजा, रिसोड येथील रुग्णास मोठ्या उपचारांसाठी अकोला, नागपूर वा मुंबई गाठावी लागते. म्हणूनच हातातल्या मोबाइलचा मोह अधिक, आणि सावधगिरीची गरजही अधिक.

तेव्हा प्रत्येक संदेशाला चार प्रश्न विचारावेत. लिहिणारा कोण? डॉक्टर म्हणून नाव दिले असेल, तर ते राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत शोधता येते. मात्र नामांकित डॉक्टरांचे चेहरे व आवाज वापरून बनावट चित्रफिती तयार होतात, हेही ध्यानात असावे. माहिती केव्हाची? पुरावा कशाचा, एका व्यक्तीच्या अनुभवाचा की अनेक रुग्णांवरील अभ्यासाचा? आणि शेवटी कोणाचे चूर्ण विकले जात आहे? कर्करोग, मधुमेह यांसारखे रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. ‘हमखास गुण’ हे शब्द दिसताच हात आखडता घ्यावा.

विश्वासाची ठिकाणेही आहेत. जागतिक आरोग्य संघटना, केंद्रीय आरोग्य मंत्रालय व टाटा मेमोरियल यांची संकेतस्थळे प्रथम पाहावीत. शासनाच्या ‘ई-संजीवनी’ सेवेत डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या विनामूल्य मिळतो. टाटा मेमोरियल व नॅशनल कॅन्सर ग्रिड यांच्याशी संलग्न ‘नव्या’ या सेवेद्वारे अहवाल पाठवून कर्करोगतज्ज्ञांचे मत घेता येते. वाचलेल्या माहितीवरून प्रश्न तयार करावेत, ते कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावेत. औषध सुरू वा बंद करण्याचा निर्णय त्यांच्याकडेच असावा.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट जपावी लागते. ‘उपवासाने कर्करोग उपाशी मरतो’ असे संदेश आपल्याला चटकन पटतात, कारण तपाविषयी आपल्या मनात आदर आहे. पण तप कर्मनिर्जरेसाठी आहे. ते औषधाची चिठ्ठी नव्हे. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला पोषणाची गरज असते. मधुमेही व्यक्तीने गोळी वा इन्सुलिन तसेच चालू ठेवून उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारल्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही.

कुटुंबाच्या गटात संदेश पुढे पाठविणाऱ्यानेही एवढे जाणावे : धनादेशाच्या पाठीवर सही करणाराही देण्यास बांधलेला असतो. ज्या मजकुराखाली आपले नाव लिहिण्याची आपली तयारी नाही, तो आपल्या बोटाने पुढे जाऊ नये.